जुन्या गोव्याचा जमाखर्च

देवळात शिरल्यावर काय करायचं, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. चपला कुठे काढल्या म्हणजे परत येताना त्याच सापडतील, घंटा किती जोरात वाजवायची, प्रदक्षिणा कुठून सुरू करायची आणि तीर्थ घेतल्यावर ओला हात डोक्याला नेमका कुठे पुसायचा, हे सगळं तो जन्मतःच शिकून आलेला असतो. चर्चचं तसं नाही. तिथे घंटा असते, पण ती पाच मजले उंचावर. तीर्थ असतं, पण ते दाराशीच, आणि ते प्यायचं नसतं. प्रसाद आपल्यासाठी नसतो. प्रदक्षिणा घालावी तर बाकं आडवी येतात. त्यामुळे जुने गोवे इथे बसमागून बस रिकामी होते आणि त्यातला प्रत्येक महाराष्ट्रीय चर्चच्या दारात क्षणभर थबकतो. एक पाय चपलेत, एक पाय बाहेर, आणि नजर दुसरा काय करतो आहे त्याच्याकडे. दुसराही हेच करत असतो.

बँकेच्या नोकरीत दर काही वर्षांनी एलएफसी नावाचा एक सक्तीचा आनंद भोगावा लागतो. घेतला नाही तर तो वाया जातो, आणि वाया जाऊ देणं आम्हां खानदेशी मंडळींच्या रक्तात नाही. म्हणून नशिराबादहून भुसावळ, भुसावळहून गोवा एक्स्प्रेस, असे आम्ही चौघं निघालो. मी, सौभाग्यवती, नववीतले चिरंजीव आणि आई. चिरंजीवांना समुद्र पाहायचा होता, सौभाग्यवतींना काजू घ्यायचे होते, आणि आईला दर्शन घ्यायचं होतं. कुणाचं, हा प्रश्न तिने ठेवलाच नव्हता. जिथे लोक रांग लावतात तिथे काहीतरी असणारच, एवढी तिची श्रद्धा सुटसुटीत आहे. आमच्या नशिराबादला झिपरूअण्णा महाराजांची समाधी आहे. त्यामुळे एखाद्या सत्पुरुषाने देह ठेवला आणि लोक तिथे शतकानुशतकं डोकं टेकायला येतात, हे तिला मुळीच नवं नव्हतं. बॉम जेझूच्या दारात तिने चपला काढल्या.

"आजी, चपला घालूनच चला, इथे चालतं," गाइड म्हणाला.

"तुमचं चालत असंन. मले नाही चालत," आई म्हणाली, आणि अनवाणी आत गेली.

आता थोडा इतिहास सांगितला पाहिजे. मी कॉमर्सचा पदवीधर. इतिहास मला शाळेत कधी जमला नाही, कारण त्यात लढाया फार आणि ताळेबंद कुठेच नाही. पण जुन्या गोव्याचा इतिहास हा माणूस मला समजला, कारण तो खातेवहीच्या भाषेत बोलतो. १५१० साली २५ नोव्हेंबरला अल्बुकर्कने गोवा जिंकलं. तो संत कॅथरिनचा दिवस होता, म्हणून तिच्या नावाने लगेच एक चॅपल उभं राहिलं. मग मसाले, घोडे, रेशीम यांच्या व्यापारावर हे शहर असं काही फुगलं की त्याची तुलना लिस्बनशी होऊ लागली. पैसा आला की माणूस आधी घर बांधतो आणि मग देवाला घर बांधून देतो. इथे तर प्रत्येक पंथाने आपापलं वेगळं बांधलं. फ्रान्सिस्कनांचं एक, डोमिनिकनांचं एक, ऑगस्टिनियनांचं एक, जेझुइटांचं एक. एकाच चौकात चार बँकांच्या चार शाखा असाव्यात तसं.

त्यातलं से कॅथेड्रल १५६२ साली बांधायला घेतलं आणि १६१९ साली मुख्य काम पुरं झालं. सत्तावन्न वर्षं. (आमच्याकडचा उड्डाणपूल लांबला की मी आता रागावत नाही.) त्याला दोन मनोरे होते, त्यातला एक १७७६ साली पडला आणि तो पुन्हा कुणी बांधला नाही. उरलेल्या मनोऱ्यात गोव्यातली सगळ्यांत मोठी घंटा आहे, सोन्याची घंटा म्हणून प्रसिद्ध. सोन्याची म्हणजे आवाजाने. आत वेदीमागे जमिनीपासून पार वरपर्यंत कोरीव लाकडाची भिंत आहे आणि तिच्यावर सोन्याचा वर्ख. त्या भिंतीच्या चौकटींमध्ये संत कॅथरिनच्या आयुष्यातले प्रसंग. आपल्या देव्हाऱ्याला पंख फुटून तो चार मजले वाढला तर जसा दिसेल तसं काहीसं. पलीकडे संत फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये पायाखालची जमीनच जुन्या थडग्यांच्या शिळांची आहे, त्यांवर घराण्यांची चिन्हं कोरलेली. आई तिथे भिंतीच्या कडेकडेने चालली. मेलेल्या माणसाला पाय लावू नये, हे तिला कुठल्याही धर्मात चालतं.

आणि मग संत कॅजेटानचं चर्च. इटलीहून थिएटाइन पंथाचे साधू खरे निघाले होते गोवळकोंड्याला. तिथे थारा मिळाला नाही, म्हणून ते गोव्यात राहिले आणि त्यांनी सतराव्या शतकाच्या मध्यावर रोमच्या सेंट पीटरच्या धर्तीवर हे चर्च उभं केलं. घुमट, खांब, दर्शनी भाग, सगळं रोमचं, फक्त मापं आटोपशीर. ज्याला रोमचं तिकीट परवडत नाही त्याने इथे यावं. म्हणजे मी.

एवढं सगळं असूनही शहर मात्र टिकलं नाही. साथींनी माणसं मारली, नदी गाळाने भरत गेली, व्यापार डच पळवून घेऊन गेले, आणि १८४३ साली राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली. १८३५ साली पंथांचे मठ बंद झाले होतेच. ऑगस्टिनियनांचं प्रचंड चर्च रिकामं पडलं, १८४२ साली त्याचं छत कोसळलं, १९३१ साली दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग गेला. आज तिथे शेहेचाळीस मीटरच्या मनोऱ्याचा उरलेला अर्धा तुकडा उभा आहे. त्याची घंटा पणजीच्या चर्चमध्ये गेली. शहर गेलं, चर्चं राहिली. १९८६ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हटलं. एखादं गाव उठून जावं आणि त्यातली देवळं तेवढी मागे राहावीत, आणि रोज सकाळी दहा वाजता शहर बसने परत यावं, असा हा प्रकार.

पण मुक्काम बॉम जेझूमध्येच केला पाहिजे, कारण गर्दी तिथे आहे. बॉम जेझू म्हणजे शब्दशः भला येशू. १५९४ साली पाया घातला, १६०५ साली उद्घाटन झालं. बाहेरून तांबडा जांभा दगड उघडाच. मुळात त्यावर गिलावा होता, तो १९५० च्या दशकात काढला. लोकांना तो उघडा दगड आवडला, पावसालाही आवडला. तेव्हापासून पाऊस तो कुरतडतो आहे आणि गिलावा परत करा अशी मागणी चालू आहे. दर्शनी भागावरच्या कोरीव कामाचा काळा दगड थेट वसईहून आणला, असं सांगतात. वसई हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आत संत फ्रान्सिस झेवियर आहेत. जन्म १५०६, स्पेनमधल्या नवार प्रांतातला. १५४२ साली गोव्यात आले, १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारले. तिथून देह मलाक्काला, मलाक्काहून १५५४ साली गोव्याला. १६१४ साली उजव्या हाताचा कोपरापुढचा भाग रोमला नेला. १६२२ साली संतपद मिळालं. मरणानंतर माणसाची इतकी बदली झाल्याचं मी फक्त याच खात्यात पाहिलं. दर दहा वर्षांनी देह दर्शनासाठी खाली आणतात. शेवटचं दर्शन २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत झालं. एरवी तो उंचावर चांदीच्या पेटीत असतो, आणि आपण माना वर करून पेटी पाहायची.

ती पेटी ज्या चौथऱ्यावर ठेवली आहे, त्याची हकीकत आमच्या गाइडने अशी रंगवून सांगितली की चिरंजीवांनी मोबाइल खिशात ठेवला. इटलीत फ्लॉरेन्स नावाचं शहर. तिथला राजा म्हणजे टस्कनीचा ग्रँड ड्यूक, मेडिची घराण्यातला तिसरा कोसिमो. हे मेडिची मूळचे बँकवाले. (माझा ऊर इथे क्षणभर भरून आला. आमच्या धंद्यातला माणूस कुठवर जातो पाहा.) या कोसिमोला गोव्याहून एक भेट मिळाली. संतांच्या डोक्याखालची उशी. त्या उशीच्या बदल्यात त्याने काय पाठवावं? संगमरवराची आणि रंगीत दगडांची अख्खी समाधी! शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी. काम चाललं दहा वर्षं. चारी बाजूंना संतांच्या आयुष्यातले प्रसंग दाखवणारे चार ब्राँझचे पट. फ्लॉरेन्समधल्या ज्या कारखान्यात मेडिचींच्या स्वतःच्या समाधिमंदिरासाठी रंगीत दगडांचं जडावकाम होई, त्याच परंपरेचं हे काम. मग सुटे भाग पेटाऱ्यांत भरून जहाजाने गोव्याला, आणि ते जोडून द्यायला सोबत प्लासिदो राम्पोनी नावाचा कारागीर. १६९८ साली समाधी उभी राहिली. आम्ही जळगावहून कपाट मागवलं तर त्याचे स्क्रू येत नाहीत, आणि हा माणूस फ्लॉरेन्सहून समाधी घेऊन आला आणि ती बरोबर बसली.

उशीच्या बदल्यात संगमरवर! आमच्या शाखेत असा विनिमय झाला असता तर इन्स्पेक्शनवाल्यांनी तीन दिवस मुक्काम ठोकला असता. पण श्रद्धेच्या पेढीत मूल्यमापनाचे नियम वेगळे असतात.

आईचं या सगळ्याकडे लक्ष नव्हतं. ती चांदीच्या पेटीकडे पाहत होती. जळगावच्या सराफ बाजाराच्या आसपास जन्म काढलेल्या बाईला संगमरवराचं कौतुक सांगून उपयोग नसतो. चांदी दिसली की तिचे डोळे आपोआप बारीक होतात. पेटीवर दोन्ही बाजूंना चौकटी आहेत आणि त्यांत संतांच्या आयुष्यातले प्रसंग उठावात घडवले आहेत. गाइड म्हणाला, एकूण बत्तीस.

"हे ठोकून काढेल काम हाय," आई म्हणाली. "हात चांगला हाय. कोनं घडवलं?"

"ते १६३६-३७ मधलं, आजी. समाधीच्याही साठ वर्षं आधीचं," गाइड म्हणाला.

"साल नाही इचारलं. कोनं घडवलं?"

"लोकल आर्टिस्ट."

"लोकल म्हंजे कोन?"

गाइड गप्प झाला. पुस्तकांत पाहिलं तर पुस्तकंही फार बोलत नाहीत. पेटीचं काम इटालियन जेझुइट मार्सेलो मास्त्रिल्ली याच्या पुढाकाराने झालं, हे नोंदलेलं आहे. समाधी देणाऱ्याचं नाव आहे, घडवणाऱ्याचं आहे, जोडणाऱ्याचंसुद्धा आहे. आणि चांदी ज्यांनी महिनोन्महिने हातोडीने ठोकली, ते सगळे मिळून "गोव्याचे सोनार".

बँकेत याला एक सोय आहे. एखादी रक्कम आली आणि ती कुणाच्या नावावर टाकायची हे कळत नसलं, की ती सस्पेन्स खात्यात टाकतात. रक्कम खरी असते, मालक खरा असतो, फक्त नाव सापडत नाही. ते खातं रिकामं ठेवा अशी वरून सक्त ताकीद असते. इतिहासाच्या पेढीवर मात्र अशी ताकीद देणारं वर कुणी नाही. तिथलं सस्पेन्स खातं चारशे वर्षं तुंबलेलं आहे.

या नावांचा पत्ता न लागायला आणखी एक कारण होतं. १५६७ साली गोव्यात धर्मपरिषद भरली आणि तिने ठरवलं की ख्रिस्ती लोकांनी चर्चच्या पवित्र वस्तू, चित्रं, मूर्ती हिंदू कारागिरांकडून करवून घेऊ नयेत. या अर्थाचे हुकूम त्या काळात एकदा नव्हे, पुन्हापुन्हा निघाले. आता तुम्ही इतिहासाचे पदवीधर असाल तर म्हणाल, केवढी कडक बंदी! मी बँकेतला कारकून, मी वेगळं म्हणतो. एकच सर्क्युलर जेव्हा पुन्हापुन्हा येतं, तेव्हा त्याचा अर्थ एकच असतो. ते कुणी पाळत नाही. आमच्याकडे दुपारच्या जेवणाच्या वेळेबद्दल आजवर जेवढी सर्क्युलरं आली तेवढी कर्जवसुलीबद्दलही आली नाहीत. चांगलं काम करणारा हात गावात एकच असेल तर पाद्रीसुद्धा तिथेच जाणार. फार तर मागल्या दाराने.

आणि त्या हातांनी सही केली नसली, तरी खुणा ठेवल्या. गोव्यात घडलेल्या हस्तिदंती बाळ येशूंपैकी काही डोळे मिटून असे बसले आहेत की प्रथमदर्शनी ध्यानस्थ बुद्धच वाटावा. काही चर्चमध्ये प्रवचनाच्या उंच मंचाला खालून आधार देणाऱ्या कोरीव आकृती आहेत, वर बाई आणि खाली शेपूट. युरोपात त्यांना जलपरी म्हणतील. आपल्याकडच्या कुठल्याही बाईने पाहताक्षणी सांगावं की ही नागीण आहे. जुन्या गोव्यातच संत मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे, तिथे हे हात शांतपणे पाहायला मिळतात. एवढंच काय, १५७९ साली गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने येशूचं चरित्र सांगायला आधार घेतला तो आपल्या ओवीचा. १६१६ साली त्याचं क्रिस्तपुराण छापलं गेलं, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं. पण त्याचं नाव मात्र पक्कं नोंदलेलं आहे. लिहिणाऱ्याला सही करायची सवय असते, ठोकणाऱ्याला नसते.

इथवर सगळी जमेची बाजू झाली. पण एकेरी नोंदीची खातेवही आम्ही मानत नाही. प्रत्येक जमेला कुठेतरी नावे पडलेली असते, आणि ती पाहायला फार लांब जावं लागत नाही. दक्षिण गोवा दर्शनाची बस तुम्हाला त्याच दिवशी नेते. जुने गोवे झालं की मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा. बसमधले लोक ही वेगवेगळी स्थळं म्हणून पाहतात. आहेत ती एकाच वहीची समोरासमोरची दोन पानं. मंगेश मुळात कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलातली देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा भक्तांनी हे देव उचलले आणि नदीपलीकडे, पोर्तुगिजांची सत्ता तेव्हा जिथे नव्हती त्या फोंड्याच्या बाजूला नेले. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन आलं आणि मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत राहिलं. त्याची मागणी पोर्तुगालच्या राजाकडे पत्राने करणाऱ्यांत स्वतः झेवियर होते, आणि शिक्षा जाहीर व्हायच्या दिवशी से कॅथेड्रलची ती गोड आवाजाची घंटाच वाजे. हे गाइड सांगत नाही. त्याला दुपारी दोनपर्यंत सहा ठिकाणं दाखवायची असतात.

मला गंमत वाटली ती पुढची. मंगेशीच्या आणि शांतादुर्गेच्या देवळांवर पाहा, घुमट आहेत. कमानीच्या खिडक्या आहेत, आत काचेची झुंबरं आहेत. शांतादुर्गेचं आजचं देऊळ १७३८ च्या सुमाराचं. म्हणजे ज्यांच्यापासून देव वाचवून आणले, त्यांच्याच बांधकामाची ढब देवाच्या नव्या घराला! ही शरणागती मला वाटत नाही. गवंडी आणि सुतार तेच असणार, एवढंच. चर्चवर शिकलेला हात देवळावर चालला, आणि देवळात वळण घेतलेला हात चर्चवर. त्या हाताला धर्म विचारायचे हुकूम निघत राहिले, आणि तो हात दोन्हीकडे रोजंदारी करत राहिला.

आता वसई. १७३९ साली चिमाजीअप्पाने वसई घेतली आणि तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या. त्या वितळवल्या नाहीत, तोफा केल्या नाहीत. देवाला वाहिल्या. भीमाशंकरला आहे, मेणवलीला आहे, आणि आमच्या बाजूला सगळ्यांत जवळची म्हणजे नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर. तिच्यावर १७२१ साल आहे. गोदावरीला पूर आला की पाणी नारोशंकराच्या घंटेपर्यंत पोचलं का, असं नाशिककर विचारत. येशूसाठी ओतलेली, महादेवाच्या दारात टांगलेली, आणि शेवटी पाटबंधारे खात्याच्या कामाला आलेली! जिंकलं कुणी आणि गमावलं कुणी, हे नोंदलेलं आहे. ती ओतणाऱ्या माणसाचं नाव पुन्हा विचारू नका.

कुणाला वाटेल की हे परक्यांचंच चाळे. तसं नाही. आमच्या तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं जुनं दगडी देऊळ आहे, शिल्पांनी मढवलेलं. लहानपणापासून पाहतो. त्यातला एकही दगड कुणी घडवला, हे मला कुणी सांगितलेलं नाही, आणि खरं म्हणजे मीही कधी विचारलं नव्हतं. ते विचारायला आईला गोव्यापर्यंत न्यावं लागलं. तिने पेटीपुढे दोनदा हात जोडले. एकदा संतांना जोडले, ते मला कळलं. दुसऱ्यांदा कुणाला, ते तिने सांगितलं नाही, आणि रांग मागून ढकलत होती.

परत आल्यावर चिरंजीवांना शाळेत सहलीवर प्रकल्प करायचा होता. त्यांनी जुन्या गोव्यावर केला. फोटो चिकटवले, सनावळ्या लिहिल्या, आणि "कलाकृती व कलाकार" असा एक तक्ता काढला. समाधीपुढे लिहिलं, जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी. चांदीच्या पेटीपुढे लिहिलं, लोकल.

वही तपासून आली. त्या शब्दाखाली बाईंनी लाल शाईने रेघ मारली होती आणि शेजारी शेरा दिला होता : "पूर्ण नाव लिहा."